कार्ड गेलंय म्हणण्याआधी

अगं, तो कॉम्प्युटर एवढ्यात भंगारात देऊ नकोस. आधी माझं ऐक.

रत्नागिरीहून आलेला तो मुलगा ‘लॅन कार्ड गेलंय, बोर्ड जुना झालाय, नवीन घ्या’ असं सांगून चहा पिऊन निघून गेला आणि तुम्ही सगळ्यांनी ते मान्य करून टाकलंत, ह्याचं मला वाईट वाटलं. मी तुला विचारलं, त्याने कव्हर उघडलं होतं का? नाही. कार्ड कुठलं आहे ते बघितलं का? नाही. मग गेलंय हे त्याला कळलं कशावरून? पावस ते रत्नागिरी वीसेक किलोमीटर, काही फार लांब नाही. पण दर वेळी तिथून कोणीतरी यायची वाट बघायची, आणि तो आला की पडवीत उभं राहून त्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवायची, हे तुझ्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे कॉम्प्युटर अडला की दादाला फोन, नाहीतर काकांना. आपण बायकांनी त्याला हात लावायचा तो धूळ पुसण्यापुरता. ह्या वेळी तू स्वतः हात लाव. मी आहे ना सांगायला.

आणि मशीन वाईट नाहीये गं. कोअर टू ड्युओ म्हणजे २००६ नंतरचा प्रोसेसर, ६४ बिटचा. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ अशा मशीनला दारातच उभं करत नाही, म्हणून किती चांगले चालते कॉम्प्युटर माळ्यावर चढले असतील. तू त्यावर डेबियन लिनक्स घातलंस ते उत्तम केलंस. ६४ बिटचं आहे हेही बरं झालं. पेंटियम फोरच्या सुरुवातीच्या काळातलं ३२ बिटचं असतं तर डेबियन १३ त्यावर बसलंच नसतं, १२ वर थांबावं लागलं असतं. स्वामींच्या मठात येणारे लोक तुमच्याकडे राहायला असतात त्यांच्या नोंदी, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ, एवढ्याला हे मशीन पुष्कळ आहे.

तू मला पहिल्यांदा काय विचारलंस आठवतं? ‘ताई, ड्रायव्हरची सीडी सापडत नाहीये, आता?’ ती शोधूच नकोस. ती विंडोजची. लिनक्समध्ये बहुतेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर त्याच्या गाभ्याबरोबर, कर्नलबरोबरच येतात, म्हणजे तू डेबियन घातलंस तेव्हा ते तुझ्या डिस्कवर येऊन बसलेत. त्यामागे माणसांचे किती कष्ट आहेत हे कळलं की टर्मिनलच्या त्या काळ्या खिडकीची भीतीसुद्धा कमी होते बघ. १९९४ साली नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर ह्यांनी बाजारात मिळणारे साधे सोळा कॉम्प्युटर नेटवर्कने जोडून त्यांच्याकडून एका मोठ्या यंत्राचं काम करून घेतलं. बेओवुल्फ म्हणतात त्याला. त्यासाठी स्वस्तातली कार्डं लिनक्सवर चालायला हवी होती, आणि बेकरने एकामागून एक कार्डांचे ड्रायव्हर लिहून सगळ्यांसाठी मोकळे ठेवले. पुढे एनव्हिडियाच्या एनफोर्स बोर्डांवर जे नेटवर्क कार्ड येई, त्याची माहिती बाहेर मिळत नव्हती, तर काही जणांनी ते कार्ड कसं वागतं ते बारकाईने बघून २००३ च्या सुमाराला त्याचा ड्रायव्हर स्वतः लिहिला. फोर्सडेथ त्याचं नाव. तो अजून कर्नलमध्ये आहे. तेव्हा जुनं कार्ड म्हणजे लिनक्सला अडचण, हा समज मनातून काढून टाक. जुनं कार्ड उलट सोयीचं. त्याच्यावर घाम गाळून झालेला असतो. त्रास देतात ती अगदी नवीन, आणि वायफायची.

आता कामाला लागू. खालून वर जायचं, पायरी न सोडता: वायर, दिवा, कार्ड, ड्रायव्हर, पत्ता. लोक काय करतात, नेट दिसलं नाही की थेट वरून सुरुवात करतात, ब्राउझर बदल, सेटिंग बदल, पुन्हा इन्स्टॉल कर. तसं करू नकोस.

कॉम्प्युटरच्या मागे बघ. लॅनची वायर जिथे जाते त्या चौकोनी भोकाच्या कोपऱ्यात दोन बारीक दिवे असतात. राउटर चालू, कॉम्प्युटर चालू, वायर दोन्हीकडे ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवलेली, असं असताना एक दिवा स्थिर लागतो आणि दुसरा लुकलुकतो. लागले तर कार्ड जिवंत आहे आणि वायरही बहुधा ठीक आहे. नाही लागले तरी लगेच घाबरू नकोस. आधी राउटरचं दुसरं भोक वापरून बघ, मग दुसरी वायर. तुमची वायर माजघरातून कौलांखालून गेलीय, तिथे उंदीर नसतील असं कसं म्हणायचं? त्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभर मेगाबिटच्या जुन्या कार्डाला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून कधी कधी अर्धी कुरतडलेली वायरसुद्धा हळू वेगाने चालते आणि आपल्याला वाटतं कंपनीचं नेटच मंद आहे. आणि हो, कार्ड फक्त शंभरचं आहे म्हणून हिरमुसू नकोस. घरी प्लॅन पन्नासचा असेल तर कार्डामुळे तुझं काही अडत नाही.

वायर बदलूनही दिवे मेलेलेच राहिले, तर एक प्रश्न स्वतःला विचार: वळीव पडला त्या रात्री वायर लावलेली होती का? आपल्याकडे मेच्या अखेरीला आणि पुन्हा ऑक्टोबरात विजा कशा कडाडतात तुला सांगायला नको. लॅनचं पोर्ट जातं ते बहुतेक तेव्हा. पूर्वी टेलिफोनच्या तारेतून झटका मोडेममध्ये यायचा आणि तिथून बोर्डात. आता फायबर आलंय, काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगमध्ये असतो, झटका तिथून राउटरमध्ये शिरतो आणि लॅनच्या तांब्याच्या वायरीने कॉम्प्युटरपर्यंत पोचतो. मळभ आलं की टीव्हीचा प्लग काढायची सवय घरात सगळ्यांना आहे, लॅनची वायर मात्र कोणी काढत नाही. ती काढत जा. कॉम्प्युटरच्या बाजूने काढलीस तरी चालेल.

आता कार्ड. टर्मिनल उघड आणि मी सांगते ती अक्षरं इंग्रजीत, लहान लिपीत टाइप कर: एल, एस, पी, सी, आय. मग एक जागा सोड, आडवी छोटी रेघ, आणि तिला चिकटून एन, एन, के. एंटर. बोर्डावर जे जे काही जोडलेलं आहे त्याची लांबलचक यादी येईल. सगळी वाचायची नाही. ‘इथरनेट कंट्रोलर’ ही दोन शब्दांची जोडी शोध. त्या ओळीच्या शेवटाकडे चौकोनी कंसात, मधे अपूर्णविराम असलेले दोन आकडे दिसतील, चार-चार अक्षरांचे. ते म्हणजे कार्डाचं आडनाव आणि नाव. आडनाव कंपनीचं, नाव त्या चिपचं. १०ईसी असेल तर रिअलटेक, तैवानची. ८०८६ असेल तर इंटेल. १९७८ सालच्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच तो आकडा. १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. माझा अंदाज आहे की तुझं १०ईसी निघेल आणि पुढे ८१३६ किंवा ८१६८, कारण त्या काळच्या घरगुती बोर्डांवर हेच सर्रास असायचं. त्याहून जुन्या, वेगळ्या बसवलेल्या कार्डावर ८१३९ असतो. दुकानदाराचं ऐकण्याआधी, खोक्यावरचं नाव वाचण्याआधी, हे आकडे बघायचे. खोकं बदलतं, स्टिकर बदलतो, हे आकडे चिपच सांगते.

त्या ओळीच्या खाली, जराशा आत सरकलेल्या, आणखी दोन-तीन ओळी असतात. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहून पुढे काही नाव असेल, समजा आर८१६९, तर ड्रायव्हर बसलाय आणि कामाला लागलाय. कार्ड गेलंय म्हणणाऱ्याला ही ओळ दाखवायची. ती ओळ नाही, पण ‘कर्नल मॉड्यूल्स’ची ओळ आहे, तर ड्रायव्हर घरात आहे पण उठलेला नाही, तेव्हा सुडो, मॉडप्रोब आणि ते मॉड्यूलचं नाव, असं टाइप करून त्याला उठवायचं. मग डी, एम, ई, एस, जी ही आज्ञा सुडो लावून दे आणि शेवटच्या ओळी वाच. तिथे कर्नल काय म्हणतोय ते साध्या इंग्रजीत असतं. ‘फर्मवेअर’ हा शब्द आणि त्याच्यासोबत ‘फेल्ड’ दिसलं तर चिपला हवी असलेली एक छोटी फाइल डिस्कवर नाही. रिअलटेकच्या वायरवाल्या कार्डांची बहुतेक वेळा त्या फाइलीवाचून गाडी अडत नाही, वायफायची मात्र हमखास अडते. २०२३ साली डेबियन १२ आलं तेव्हापासून ह्या फाइली इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हमध्येच देतात, त्यामुळे हा त्रास बराच कमी झालाय.

आणि यादीत इथरनेटची ओळच नसली तर? तेव्हासुद्धा कार्ड मेलं असं धरू नकोस. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जा आणि ‘ऑनबोर्ड लॅन’ असं काही दिसतं का बघ. ते ‘डिसेबल्ड’वर असेल तर ‘एनेबल्ड’ कर. हे क्वचित आपोआपही बदलतं. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. तो जुना झालेला असला आणि मशीन पावसाळाभर बंद पडून राहिलं की संपतो आणि बायॉस आपली सगळी सेटिंग विसरतो.

ह्या सेलाबद्दल जरा जास्तच सांगते, कारण ह्याने भल्याभल्यांना फसवलंय. सेल संपला की तारीखही जाते. कॉम्प्युटरला वाटतं आज २००९ सालचा १ जानेवारी आहे. मग काय होतं, कार्ड चालतं, दिवे लुकलुकतात, राउटरकडून पत्ताही मिळतो, पण ब्राउझर एकही साइट उघडत नाही. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत खरं असतं, आणि तुझं मशीन त्या तारखेच्या कितीतरी मागे उभं असतं. डेबियनचं अपडेटही ‘ही यादी अजून लागू झालेली नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन अडून बसतं. बघणारा म्हणतो, नेट नाही, कार्ड गेलं. आणि दोष एका सेलाचा! पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघ आधी. चुकलेली असेल तर घड्याळाच्या दुकानातून सेल आण. मशीनचा प्लग भिंतीतून पूर्ण काढ, मग चालू करायचं बटण एकदा दाबून धर म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव, आणि जुना सेल नखाने उचलून नवीन बसव. ‘प्लस’ची बाजू वर.

कव्हर उघडलंच आहेस तर आणखी एक. मागचं लॅनचं भोक यूएसबीच्या शेजारी असेल तर ते बोर्डावरचं. खाली, आडव्या पट्टीत एकटंच असेल तर ते वेगळं कार्ड, स्लॉटमध्ये खोचलेलं. वेगळं असेल तर त्याचा स्क्रू काढ आणि कार्ड सरळ वर ओढ. खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील. आपल्या हवेत मीठ आहे, गणेशगुळ्याचा समुद्र काही लांब नाही. त्या दातांवर मळकट थर बसतो आणि यादीत कार्ड कधी दिसतं, कधी नाहीसं होतं. मुलांच्या दप्तरातला पांढरा खोडरबर घे, दातांवरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरव, चुरा फुंकून टाक, कोरड्या फडक्याने पूस आणि पुन्हा नीट दाबून बसव. सँडपेपर चुकूनही लावू नकोस.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर राहिला पत्ता. आयपी, जागा, ए. एवढंच टाइप कर. एलओ नावाचं एक आतलंच असतं, ते सोड. दुसरं ईएनपी२एस० असं काहीसं दिसेल. जुन्या पुस्तकांत त्याला ईटीएच० म्हटलेलं असतं. २०१३ पासून नावं अशी पडायला लागली, कार्ड कुठल्या जागी बसलंय त्यावरून. तिथे ‘नो-कॅरियर’ लिहिलं असेल तर परत वायरीकडे जा. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल तर राउटरने तुला घरात घेतलं. १६९.२५४ असेल तर राउटरने ओ दिली नाही म्हणून कार्डाने स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. राउटर बंद करून पुन्हा चालू कर. मग पिंग आणि ८.८.८.८. उत्तरं यायला लागली पण साइटचं नाव टाकल्यावर काही येत नाही, तर नावावरून पत्ता शोधून देणारं डीएनएस अडलंय, कार्डाचा तिथे काही संबंध नाही.

दादासाठी कॉम्प्युटरवर विंडोजही ठेवलं असशील तर एवढं लक्षात ठेव. विंडोज बंद करताना काही वेळा रिअलटेकचं कार्ड झोपवून जातं आणि मग लिनक्सला ते सापडत नाही. भिंतीतला प्लग काढून थोडा वेळ थांबलं की ते जागं होतं. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ कायमचं बंद करून टाक.

पण समज, पोर्ट खरंच विजेने गेलंय. तरी बोर्ड बदलायचं कारण नाही. यूएसबीत खोचायचं लॅनचं अडॅप्टर मिळतं, त्यात रिअलटेकची ८१५३ किंवा एसिक्सची चिप असली की लिनक्स ते बघताक्षणी ओळखतं. वायफायचा डोंगल घेताना मात्र जपून. एकाच मॉडेलच्या खोक्यात वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी चिप असू शकते. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एनचंच बघ: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. पहिली लिनक्सवर लावताक्षणी चालते म्हणून नावाजलेली, आणि लोक ते नाव वाचून दुसरी घेतात. आवृत्तीचा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आणि हे सगळं होईपर्यंत नेट लागलंच तर तुझा फोन आहे. चार्जिंगच्या केबलने फोन कॉम्प्युटरला जोड आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू कर. लिनक्सला फोन म्हणजे एक नेटवर्क कार्डच वाटतं, वेगळं काही घालावं लागत नाही. बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनवर एक सोय अशी की फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच नेट केबलमधून कॉम्प्युटरला मिळतं, मोबाइलचा डेटा खर्ची पडत नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या वायफायवाल्यांना तर हाच मार्ग. त्यांची फर्मवेअर डेबियन स्वतः वाटू शकत नाही, ती नेटवरून उतरवावी लागते, आणि नेटसाठीच तर ती हवी असते. फोनने ती गाठ सुटते.

एक गोष्ट तुला आवडेल म्हणून सांगते. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या धनगरवाड्यातल्या छोट्या शाळेत मुलांना एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले होते. आत लिनक्सच होतं. त्यांची खुबी ही की बाहेरचं नेट नसलं तरी ते लॅपटॉप एकमेकांना बिनतारी जोडून घ्यायचे. नेटवर्क आणि इंटरनेट ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत गं. आषाढात चार दिवस फायबर बंद पडलं तरी तुझा कॉम्प्युटर आणि दादाचा लॅपटॉप एका वायरीने जोडून पाहुण्यांच्या नोंदी इकडून तिकडे नेता येतील. एका बाजूला तरी गिगाबिटचं कार्ड असेल तर साधी वायर चालते, उलटसुलट जोडलेली खास वायर लागत नाही. पण ते नंतर दाखवीन.

नेट सुरू झालं की आधी अपडेट घे. मग वाटलं तर पडद्यावरची भाषा मराठी कर. त्यासाठी लोहित नावाचे देवनागरी अक्षरांचे फॉन्ट रेड हॅटने मोकळे केलेत, ते घाल. आईलाही वापरता येईल.

आज रात्री बाकी काही करू नकोस. दिवे लागतात का बघ, पडद्यावरची तारीख बघ, ती यादीची आज्ञा दे, आणि इथरनेटच्या ओळीचा फोटो मला पाठव. चौकोनी कंसातले आकडे स्पष्ट यायला हवेत, तेवढ्यासाठी अक्षरं मोठी कर. खाली ‘ड्रायव्हर इन यूज’ची ओळ आहे की नाही तेही लिही. मी साडेनऊपर्यंत जागी आहे.